छातीवरचा रुमाल

शहाद्याहून नंदुरबारला जाणाऱ्या एसटीत कोणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. तो सरकवून मीच बसलो, हे आज सांगून टाकतो.

मागून रुमालाचा मालक चढला. पांढऱ्या मिशा, कोटावर पदकांची रांग, मधेच एक जागा रिकामी. रुमाल उचलून त्याने त्या रिकाम्या जागी पिनेने टाचला आणि उभा राहिला. प्रकाशा गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या केळी पाहत बसलो. शेवटी राहवेना.

"दादा, रुमाल तठे कसाले?"

"एक मेडलनी नोंदच व्हयनी नही, भाऊ. अर्ज करी करी म्हतारा व्हयनू. आज परत अर्ज दियाले नंदुरबारले जाई ऱ्हायनू. मेडल येई तोवर जागा धरी ठेवस."

मी ओशाळून उठलो. तो ऐसपैस बसला.

"वा! हाई जागा ते बिनअर्जानी भेटनी!"