पुसलेल्या नोटकडे जाणारी लिंक

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. घरच्यांच्या नाकावर टिच्चून अमावास्येला नवी गाडी घेतली होती मी. त्यामुळे "फोन हॅक झाला असेल", "ताण असेल हो" असल्या कमेंट टाकायला ज्यांचे हात शिवशिवताहेत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. ते सगळं तुमच्याआधी माझं तपासून झालंय.

राहतो निगडी प्राधिकरणात. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या मशीनांचा, मेंटेनन्स माझ्याकडे होता. फोनमध्ये नोट्सचं एक ॲप वापरायचो – प्रत्येक मशीनची वेगळी नोट, प्रत्येक बिघाडाची वेगळी. एका नोटमध्ये दुसरीचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की लिंक तयार होते, बोट ठेवलं की ती दुसरी नोट उघडते. या जोडाजोडीचं मला वेडच होतं. आईच्या गोळ्यासुद्धा त्यातच.

प्रेस चारवर हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर आहे. एका सकाळी तो कारण नसताना मशीन थांबवायला लागला. साहेबांचा फोन आला, "डिस्पॅच अडकलंय राव. आजचा दिवस बायपास कर, उद्या बघू." मी पॅनल उघडलं, सेन्सरला वगळणारी वायर जोडली आणि सवयीप्रमाणे नोट केली – 'प्रेस ४ बायपास'. कोणी सांगितलं, किती वाजता, सगळं. मशीनवर कुरुळीचे दत्तूभाऊ होते, आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर.

"सायेब, सेन्सर चालू हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे. बिनधास्त चालवा."

जेवणाच्या सुट्टीआधी त्यांची दोन बोटं गेली.

त्यांना हॉस्पिटलला नेलं आणि साहेब माझ्याकडे आले. "ऑपरेटरनेच बायपास केला, एवढंच म्हणायचं." पॅनलची किल्ली शॉपमध्ये खिळ्यालाच टांगलेली असते, त्यामुळे ते कोणालाही पटलं असतं. मी मान डोलावली. नोट डिलीट केली, ट्रॅशमधूनही काढली, तिच्याकडे जाणाऱ्या लिंका एकेक करून पुसल्या. चौकशीत दोष दत्तूभाऊंवर आला की त्यांची नोकरी जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही केलं.

दुसऱ्या दिवशी आईच्या औषधांची नोट उघडली. 'सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी, दुपारी [[प्रेस ४ बायपास]]'.

मी ते पुसलं. संध्याकाळी परत होतं... शिवाय गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये, मुलीच्या शाळेच्या यादीत. इंटरनेट बंद केलं, पासवर्ड बदलला, ॲप काढून पुन्हा टाकलं. लिंकवर बोट ठेवलं तर कोरं पान उघडायचं. शेवटी बायकोच्या, मेधाच्या, फोनवर नवं कोरं ॲप टाकलं आणि तिलाच काहीतरी लिहायला सांगितलं. तिने 'दूध, कोथिंबीर' एवढंच टाइप केलं. खाली आणखी एक ओळ आपोआप आली.

"हे बायपास म्हणजे काय रे?" तिने विचारलं.

"मशीनचं आहे. तुला नाही कळायचं." मी तिच्यावर नाहक खेकसलो.

गुरुवारी सकाळी अकराला चौकशी होती. समोर तीन अधिकारी, बाजूला साहेब, कोपऱ्यात हाताला बँडेज बांधलेले दत्तूभाऊ. माझं निवेदन मी फोनमध्ये तयार ठेवलं होतं. उघडलं तर त्यातलं अक्षरही शिल्लक नव्हतं. वरपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ, फक्त तीच लिंक. एकीवर बोट टेकलं... आणि पुसलेली नोट उघडली. कोरी नाही, जशी लिहिली होती तशी. साहेबांचं नाव, वेळ, वायरचा रंग.

साहेब म्हणाले, "वाचा ना."

मी वाचलं. सगळं वाचलं, अगदी "बिनधास्त चालवा" हेसुद्धा. ते मी नोटमध्ये कधीच लिहिलं नव्हतं, पण तिथे होतं.

दत्तूभाऊंची नोकरी राहिली, माझी गेली. लिंका त्या दिवसापासून बंद झाल्या. नोटही परत कधीच दिसली नाही.

पुढच्या रविवारी मी कुरुळीला त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली आणि ॲपचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, देवाची करणी म्हणून हात जोडतील. दत्तूभाऊंनी बँडेजचा हात मांडीवर ओढून घेतला. त्यांची बायको दारात उभी होती, तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"म्हंजी त्या फोननं बोलाया लावलं," ती म्हणाली. "त्यो गप बसला असता तर तुमी बोलला असता व्हय?"

ॲपमध्ये काय घडलं याचं स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पक्कं माहीत होतं. तरी मी चपला घातल्या आणि निघून आलो.