नंतर पाहू

मी भांडकुदळ बाई आहे. हे मी मिरवत नाही, पण गावातल्या कोणालाही विचारा, हेच सांगतील. कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पंचवीस वर्षं शिकवते. शाळेच्या पटांगणात कोणी सोयाबीन वाळवायला टाकलं की मी वर्ग सोडून बाहेर येते आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पंचायत समितीचे साहेब मला टाळतात. एसटीचे कंडक्टर मला सुट्टे आधी देतात. माझी आई म्हणायची, "हिच्या तोंडाले देवानं कडीच नाही लावली." तर अशी मी.

फक्त एका माणसासमोर मी बोलत नाही. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सासरे लवकर गेले, नवऱ्याला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, तहसीलमध्ये नोकरीला चिकटवलं. आमची घरं शेजारी शेजारी आहेत, मधली भिंत एकच. लग्नाला चोवीस वर्षं झाली तेव्हाही मी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोललेले नव्हते. ते आले की पदर डोक्यावर, आणि सांगायचं असेल ते जाऊबाईला सांगायचं. जाऊबाई नसली तर भिंतीकडे पाहून म्हणायचं, "चहा झाला म्हणावं." नोकरी करणारी बाई आणि हे असं? हो, असं. आमच्याकडे कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

सेहेचाळीसाव्या वर्षी डाव्या बाजूला गाठ लागली. अंघोळ करताना हाताला लागली, तुरीच्या दाण्याएवढी. मी महिनाभर कोणाला सांगितलं नाही, मग नवऱ्याला सांगितलं, आणि त्याने भावाला सांगितलं. पण काय सांगितलं असेल? आमच्या घरात त्या अवयवाला नावच नाही. "हिले तिकडं काहीतरी झालं आहे," असंच म्हणाला असेल. भासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि आम्हाला यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. पूर्ण काढावं लागेल म्हणाले.

भासरे वाईट माणूस नाहीत. हे मला आधीच सांगू द्या, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. प्रत्येक फेरीला गाडी त्यांनीच चालवली. फाईल त्यांनीच सांभाळली, कागद तारखेप्रमाणे लावून. माझ्यासाठी थर्मासात गरम पाणी आणि डब्यात मऊ खिचडी आणायचे आणि डबा नवऱ्याच्या हातात देऊन म्हणायचे, "तिले खाऊ घाल." सख्खा बाप काय करेल एवढं त्यांनी केलं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, चावलं तरी कोणाला सांगता?

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने मला एकटीला आत घेतलं. दोघं भाऊ शिक्के मारायला खिडकीवर गेलते. तिने कागदावर चित्र काढलं. म्हणाली, "मॅडम, काढल्यानंतर तिथे पुन्हा तसाच आकार तयार करता येतो. पोटावरचं मांस आणि कातडी घेऊन करतात. दोन रस्ते आहेत. एक, त्याच ऑपरेशनमध्ये, म्हणजे झोपेतून उठाल तेव्हा ती जागा रिकामी नसेल. पण ऑपरेशन लांबतं, जखमा दोन होतात, आणि पुढे रेडिएशन द्यावं लागलं तर तो आकार आक्रसू शकतो, पुन्हा दुरुस्त करावा लागू शकतो. दुसरा, सगळा इलाज संपू द्यायचा आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने करायचं. तोवर तिथे सपाट राहील. तुमच्या बाबतीत दोन्ही चालतात, चूक कोणताच नाही. तुम्हाला काय हवं ते ठरवून या." तो कागद तिने मला दिला.

मी तो कागद गणिताच्या वहीत ठेवला आणि आठवडाभर रोज वाचला. आणि ठरवलं. आताच करायचं. पेन्सिलीने पहिल्या रस्त्याखाली रेघही मारली.

का? कारण मला माझं शरीर आवडायचं. घ्या, लिहिलं. एवढ्या वर्षांत हे मी कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. मी काही रूपवान नव्हते, पण ब्लाऊज माझ्या अंगावर बसायचा तसा दुसऱ्या कोणाच्या बसायचा नाही, हे मला ठाऊक होतं. टेलरबाई म्हणायची, "मॅडम, तुमचं माप घेतलं की काम सोपं होते." मी वरवर चिडायचे आणि आतून खूष व्हायचे. आकार बिघडेल? बिघडू दे. पुन्हा दुरुस्त करावा लागेल? करू. पण डोळे उघडून खाली पाहावं आणि तिथे काहीच नसावं, हे मला सोसणार नव्हतं. मरणाची भीती होतीच, पण तिच्यापुढे मी काय करू शकत होते? हे एक मात्र माझ्या हातात होतं.

ठरलेल्या दिवशी मोठ्या सर्जनच्या खोलीत गेलो. त्यांच्यासमोर तीन खुर्च्या. मधली भासऱ्यांची, उजवीकडे नवरा, डावीकडे मी, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. सर्जननी सगळं पुन्हा समजावून सांगितलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मग मॅडम, काय ठरवलंत? सोबतच करायचं की नंतर?"

माझ्या तोंडात शब्द तयार होता. 'सोबतच.' चार अक्षरं. रोज पन्नास पोरांसमोर मी घसा फाडते, आणि ही चार अक्षरं जिभेवरून सुटेनात. भासऱ्यांसमोर म्हणायचं? मला छाती पाहिजे, असं? जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत बसले.

एक क्षण गेला, दुसरा गेला. मग भासरेच बोलले, अगदी मायेने बोलले. "डॉक्टरसाहेब, नंतर पाहू. आधी जीव वाचला पाहिजे. ते बाकीचं कायले? आता या वयात काय कराचं आहे त्याचं."

सर्जननी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मान खाली घालून बुटाच्या नाडीकडे पाहत होता. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, "मॅडम, चालेल ना?" आणि मी मान हलवली. अवं माय, मी मान हलवली! नंतर नर्सने फॉर्म आणला त्यावर सहीही मीच केली, वळणदार अक्षरात. कोणी माझा हात धरून करवली नाही. तेव्हा शेजारी भासरेही नव्हते, पान खायला खाली गेलते. तेव्हा तरी म्हणता आलं असतं. पण एकदा मोठ्या माणसाने शब्द दिला, आता मागे कसं फिरवायचं, असं मला वाटलं. मूर्ख बाई.

शुद्धीवर आले तेव्हा पट्टीच्या वरून हात फिरवला. सपाट. मी रडले तर नर्स म्हणाली, "दुखून राह्यलं का?" मी म्हटलं, हो.

मग केमो झाली, केस गेले, मग रेडिएशन झालं. त्याला आमच्याकडे सगळे शेक म्हणतात. शेकाने तिथली कातडी काळी पडली आणि वहाणेच्या तळासारखी कडक झाली. त्या काळात घरातला एकच आरसा मी वापरायचे, स्वयंपाकघरातला, ज्यात फक्त तोंड दिसतं.

शाळेत परत गेले तेव्हा ब्लाऊजच्या आत भरायला जाऊबाईने घरच्या कापसाची पिशवी शिवून दिली. पण पिंजलेला कापूस हलका, हात वर केला की पिशवी चढायची थेट गळ्याशी. मग तिने सरकीसकट कापूस भरला, वजन यावं म्हणून. वजन आलं, पण सरकी टोचायची. कडक कातडीवर दिवसभर टोचायची. फळ्यावर लिहिताना हात वर नेला की पोरी खाली पाहायच्या, आणि सहकारी शिक्षक खिडकीबाहेर पाहायचे. म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहू लागले. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, वरचा फळा कोरा काहून?" मी म्हटलं, "मागच्या पोरींले दिसत नाही." खोटं. त्यांच्याशी भांडायचंही बळ नव्हतं.

आणि ते 'नंतर'? सहा महिन्यांनी विषय काढला तर कातडी अजून तयार नाही म्हणाले. वर्षाने काढला तर पुतणीचं लग्न ठरलं होतं. लग्न झालं तर बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली. मग जाऊबाई म्हणाली, "आता चांगली हिंडून फिरून राह्यली, कायले पुन्हा कापाकापी? चिंतामणी बाप्पानं जीव वाचवला, तेवढ्यात समाधान मान." त्या वेळी मात्र मी कडाडले. "समाधान तुम्ही माना, तुमचं सगळं जागच्या जागी आहे!" ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बरं वाटलं मला. खूप दिवसांनी भांडले होते.

दोन वर्षांनी मी एकटी नागपूरला गेले. सुट्टी टाकली, कोणालाही सांगितलं नाही, पहाटेची एसटी धरली. सर्जननी तपासलं. म्हणाले, आता पोटाची आणि पाठीची दोन्हीकडची कातडी लागेल, काम अवघड आहे, पण होईल. त्यांनी विचारलं, "करायचं ना?" खोलीत मी एकटी होते. मी म्हटलं, "करायचं. नक्की करायचं." तारीख मिळाली. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून चक्क हसत होते, शेजारची बाई माझ्याकडे पाहत होती. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बरं केलं."

महिनाभर पाठ दुखत होती. मला वाटलं, एसटीच्या धक्क्यांनी दुखते. ऑपरेशनच्या आधी सगळ्या तपासण्या करतात तशा केल्या, स्कॅन झालं. सर्जननी नवऱ्याला आत बोलावून घेतलं तेव्हाच मी समजले. आजार मणक्यात उतरला होता. "आता त्या ऑपरेशनचा विचार नको मॅडम," ते म्हणाले. "आता दुखणं कमी ठेवायचं, औषधं चालू ठेवायची." मी विचारलं, तेव्हाच सोबत केलं असतं तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे आजार यायचा तो आलाच असता. मधली दोन वर्षं तेवढी माझी राहिली असती. ती सरकी टोचून घेण्यात गेली.

घरी आलो. मी भाजी निवडायला बसले, नवरा समोर बसला. त्याने विचारलं, "तुले एवढं पाहिजे होतं?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून पाहिजे होतं. सोबतच करा म्हणणार होती मी."

तो पालकाची एक काडी घेऊन तिचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "मी पण तेच सांगणार होतो. घरून ठरवून आलतो. तुझा तो कागद पाह्यला होता मी, वहीतला. रेघ मारलेला."

"मग काहून नाही सांगतलं?"

"दादा होता ना तिथं." त्याचा आवाज फाटला. "मी बोललो असतो तर त्याले वाटलं असतं, बायको मराले टेकली अन् याले काय सुचून राह्यलं. लाज वाटली मले. अन् तू पण चूप होती. म्हटलं, हिनं इरादा बदलला असंन."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडता आलं नाही. तो सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडत होता, आणि मी हातातली जुडी तशीच धरून बसले होते. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.