आमचुराच्या एका वाक्यासाठी धडगाव

ब्लॉग सुरू करायला मला एक दुपार लागली. त्यातलं एक वाक्य खरं करायला दोन दिवस, काही एसट्या आणि एक खच्चून भरलेली जीप लागली.

घरातली पहिली पदवीधर मी. त्यामुळे गॅसचा फॉर्म, काकांचा मोबाइल, शेजारच्या लग्नपत्रिकेतल्या चुका, सगळं माझ्याकडे येतं. माय आणि माझ्या दोन काकूंनी मिरची-आमचुराची चटणी विकायचं ठरवलं, तेव्हा जाहिरातही आपसूक माझ्याकडे आली. मी ‘कोरीटची चटणी’ नावाचा ब्लॉग काढला आणि पहिल्याच लेखात लिहिलं : ‘सातपुड्याच्या कुशीतल्या भोळ्याभाबड्या भगिनींनी प्रेमाने सुकवलेला आमचूर.’ वाचून मलाच गहिवरून आलं.

आठवड्याभराने एकुलती एक प्रतिक्रिया आली. ‘पाडा कोणता? त्या भगिनींचं नाव काय? कळलं की चटणी मागवीन.’

आता खरं सांगते. आमचूर आणला होता नंदुरबारच्या बाजारातून. सातपुडा मी फक्त लांबून, निळा निळा पाहिलेला.

“मंग पुसी टाक ना ते वाक्य,” माय म्हणाली.

“पुसं तं त्या मानूसले समजी जाई, मी खोटं लिखेल व्हतं.”

“आनि नही पुसं तं?”

“माले तं माहीतच शे ना!”

मायने माझ्याकडे पाहिलं आणि वाटेसाठी डब्यात चटणी भरून दिली.

नंदुरबारहून शहाद्याची बस पकडली. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा मैत्रिणींनो, निमित्त शोधा आणि निघा. मे महिना असेल तर सावलीची बाजू कोणती ते कंडक्टरलाच विचारा. मी विचारलं नाही; प्रकाशा गावच्या पुलावर तापी बघेपर्यंत माझा उजवा गाल भाजून निघाला होता.

जाता जाता ब्लॉगचा प्रचार करायचा म्हणून पत्ता छापलेल्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. डबा उघडला आणि पुढच्या तीन बाकांवरून हात आले. तळहातावर चिमूट, जिभेवर, मग डोळ्यांत पाणी. शेजारच्या आजींनी माझी चिठ्ठी घेतली, तिच्यात थोडी चटणी बांधली आणि कनवटीला लावली.

“आजी, त्यावर पत्ता आहे!”

“ते ऱ्हाऊ दे. गाव कोनतं? कोनी पोर शे व तू?”

मी कोरीट सांगितलं, बापूंचं, म्हणजे वडिलांचं, नाव सांगितलं. आजींना बापूंची आत्या आठवली, तिचं सासर आठवलं. “हां, मंग चटणी चांगलीच व्हई,” त्या म्हणाल्या. चाखून झालेली चटणी आत्ता कुठे पास झाली. ब्लॉगवरच्या त्या वाचकाने याहून वेगळं काय विचारलं होतं?

रात्रीपुरती पुरुषोत्तमनगरला मावशीकडे थांबले. सकाळी शहाद्याहून धडगावची बस धरली. पोटात काही घालून निघा, पण फार नको. घाटातली वळणं हिशेब मागतात. धडगावात चहावाल्याला विचारलं, “आमचूर कुठे मिळेल?” त्याने समोरची, पाड्यांकडे जाणारी जीप दाखवली. तीस रुपये, आणि मांडीवर दुसऱ्याची पिशवी फुकट.

माझ्या मांडीवर आली ती रिकाम्या पोत्यांची वळकटी. ती वेस्ताबाईंची. सकाळीच आमचूर विकून त्या पाड्यावर परत निघाल्या होत्या. त्यांनीही पहिल्यांदा तेच विचारलं, गाव कोणतं, कोणाची. घरी पावरी बोलणाऱ्या वेस्ताबाई माझ्याशी बाजारातली मराठी बोलत होत्या. मग म्हणाल्या, “चल. बघ कसं करतात.”

पाड्यावर खडकभर पांढऱ्या फोडी वाळत होत्या. वेस्ताबाई कैऱ्या सोलायला बसल्या, मीही बसले. दहाव्या कैरीला बोटं चुरचुरायला लागली. तेवढ्यात मी उत्साहाने माझं वाक्य वाचून दाखवलं.

वेस्ताबाई इतक्या हसल्या की सुरी खाली ठेवावी लागली. “प्रेम? हे आंबट बोटं खातं, पोरी!” त्यांनी हात पुढे केला. टोकांची कातडी निघालेली. “आणि भोळी कोण? व्यापाऱ्याला विचार, मी भोळी का!”

मग डब्यातली चटणी चाखली आणि तोंड वाकडं केलं. “ह्यात सालीसकटचा काळा आमचूर. माझा नाही.”

“तुमचं नाव लिहू का?” मी चाचरत विचारलं.

“लिही. पण माझं नाव, तर माझाच आमचूर. दुसऱ्याचा घालशील तर नाव काढ.”

पाच किलो आमचूर मांडीवर घेऊन मी घाट उतरले.

घरी ओटीवर चटणीची भरलेली पाकिटं रांगेत उभी होती. ती विकायची नाहीत, असं सांगितल्यावर दोन्ही काकूंनी मला नको नको ते सुनावलं. मायने नवी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि म्हणाली, “हाई जुनी चटणी घरमाच खाऊ. दुसरी कुटू.”

वाक्य मी बदललं : ‘धडगावच्या पुढच्या पाड्यावरच्या वेस्ताबाई हा आमचूर करतात. त्यात बोटं सोलवटतात. त्या अजिबात भोळ्या नाहीत.’ खाली त्या वाचकाला उत्तर दिलं. संध्याकाळी त्याचं आलं, ‘अर्धा किलो पाठवा.’

मी मायला सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, “वेस्ताबाईनं नाव शे. मन्हं कठे शे?”

मी शोधलं. पहिल्या लेखापासून शोधलं. सगळीकडे ‘माझी आई’ होती, ‘आमच्या घरातल्या बायका’ होत्या. मी सातपुडा चढून एका बाईचं नाव विचारून आले होते.

आता ब्लॉग उघडलात तर सगळ्यात वर चटणी कुटणाऱ्या तिघींची नावं दिसतील. पहिलं यमुनाबाई. ते टाइप करताना माय माझ्या खांद्यामागे उभी होती.