पुलावर उभा असलेला

दुकानाच्या पायरीशी आली की मावशी आधी स्वतःचे हात हुंगायची आणि मगच काउंटरला हात लावायची. "वास येतोय का, भाऊ? येत आसंल तर बाहेरूनच बोलते." डिंभे धरणातली मासळी घोडेगावात विकणारी ही बाई तुमच्यापैकी काहींनी एसटीत पाहिली असेल. टोपली शेजारच्या सीटवर ठेवून ती कंडक्टरला सांगायची, "तिचं बी तिकीट फाड, बसलीय ती."

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान स्टँडसमोर आहे. मावशी पहिल्यांदा आली ती हातात मावणारं गेमचं मशीन घेऊन. चार्जिंगची पिन सैल झाली होती. मशीन तिच्या मुलाचं. तो चाकणला कंपनीत होता. मोटारसायकलवरून गावी येताना कंटेनरखाली गेला. बॅगेतलं मशीन मात्र शाबूत राहिलं.

पिन बसवून मी ते चालू केलं. पडद्यावर एक पूल आणि पुलावर पाठीला गाठोडं बांधलेला छोटा माणूस. मी सहज बटणाकडे बोट नेलं, तर तिनं माझं मनगट धरलं.

"हलवू नका. त्यानं जिथं उभा केलाय तिथंच ऱ्हाऊ द्या."

रोज दिवेलागणीला ती मशीन चालू करी, त्या माणसाकडे बघे आणि बंद करी. खेळायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. "घरी यायचा हाये ना, कुठवर आलाय बघते," असं एकदा म्हणाली आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.

वर्षश्राद्धाला तिनं घरभर गोमूत्र शिंपडलं. मुलाच्या वस्तूंवर जरा जास्तच. मशीन बंद पडलं ते पडलंच.

मी उघडून पाहिलं. बाकी सगळं ठीक होतं, मेमरी कार्ड गेलं होतं. या मशीनची सगळी सिस्टीम, आणि खेळ कुठवर आलाय तेही, त्या नखाएवढ्या कार्डावर असतं.

"नवं कार्ड टाकून सिस्टीम परत भरतो," मी म्हणालो.

"आन तो मानूस?"

"असेल की तिथंच."

हे मी न तपासताच बोललो. जुनं कार्ड फडक्यानं पुसून कॉम्प्युटरला लावलं. कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का, असं त्यानं विचारलं. अशी कार्डं रोज येतात, रोज मी हो म्हणतो. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तसंच म्हणालो आणि कार्ड कोरं झालं. नेटवरून सिस्टीम घेऊन नव्या कार्डावर भरली. मशीन झकास चालू झालं. गेम उघडला. पूल नव्हता. खेळ पहिल्यापासून सुरू होत होता.

जुनं कार्ड पुण्याला पाठवलं असतं तर काही निघालं असतं का, मला माहीत नाही. ते कळायची वाटच मी बंद केली होती. तिला सांगण्याऐवजी मी दुकानात बसून तो खेळ खेळलो, पुलापर्यंत पोचलो, माणूस उभा केला आणि सेव्ह केलं.

मावशीनं हात हुंगले, पदराला पुसले आणि मशीन घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"ह्याचं तोंड हिकडं व्हतं, भाऊ."

खरंच होतं. मी त्याला पलीकडे तोंड करून सोडलं होतं.

"कार्ड नवं आहे ना मावशी. होतं असं थोडं."

"आसं व्हय." मशीन डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणाली, "म्हंजी निघाला."

"फिरवू का परत?"

"नगं, नगं. निघालेल्याला मागनं हाक मारू नी."

तेव्हा सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलं होतं. मी तिला मशीन ठेवायला पिशवी दिली.

पुढे मावशीची जाऊ मासळीची टोपली घेऊन येऊ लागली. मावशी गेल्याचं मला तिच्याकडूनच कळलं. एक दिवस जावेनं ते मशीन काउंटरवर ठेवलं. "चालतंय का बघा. घरात पोरं मागत्यात."

बॅटरी पार उतरली होती. "शेवटचं चार्ज कधी केलं होतं?" मी विचारलं.

"तुमच्याकडनं नेल्यापासनं कुठं केलं? आमी म्हनायचो, लाव की गं, बघ जरा. तर म्हनायची, आता कुनाला बघू? गेला त्यो."

मी वायर लावली. पडदा उजळला.

"काय बिघाड हाय का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "मशीन चांगलं आहे."