चालणाऱ्या देवमाशाची भावकी

किस्से कुठं साठतील, काही नेम नाही. आमच्या संभाजीनगरच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये साठले. मी समोरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असतो, त्यामुळे सगळे आयते कानावर पडतात.

म्युझियम कांबळे मॅडमचं. नामशेष झालेल्या सस्तन प्राण्यांची मॉडेल्स मांडून कोण कोणाचा नातेवाईक हे समजावणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. प्राचार्यांना मात्र ती खोली कॉम्प्युटर लॅबसाठी हवी होती. "तिथून बाहेर पडणाऱ्या एकालाही काही कळलेलं नसतं," असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

*

मॉडेल्स बनवायला दिली गणपतीच्या मूर्तिकाराला. डायनोथेरियम हा हत्तीचा लांबचा भाऊबंद, त्याचे सुळे खालच्या जबड्यातून खाली वळलेले. मॉडेल आलं तर सुळे वर, आणि त्यातला एक मोडका!

मूर्तिकार म्हणाला, "उलटे दात म्हंजी चित्रवाल्याची चूक, म्हणून सरळ केले. आन् दोन्ही अखंड ठेवायला हात धजला नाय, मॅडम."

*

सुळे दुरुस्त झाले. पण तोवर शिपाई काका त्या मॉडेलपुढं रोज जास्वंद ठेवू लागले होते.

"काका, हा देव नाही. कधीच नामशेष झालाय," मॅडम म्हणाल्या.

"मंग तर ठेवायलाच पायजे. गेलेल्याला फूल वाहतोच की आपण."



*

चॅलिकोथेरियम घोड्याच्या नात्यातला, पण खुरांच्या जागी नख्या. कन्नडचा एक विद्यार्थी त्याच्याभोवती फिरून फिरून दमला.

"मॅडम, घोड्याकडचा हाय, तर असा अस्वलावानी का दिसतो?"

"अरे, नातं तोंडावरून ठरत नाही."

"मंग मला सगळे मामावर गेला म्हणतेत ते?"

मॅडमनी त्या दिवशी तास लवकर संपवला.

*

शेवटी प्राचार्य कुलूप घेऊनच आले. म्हणाले, "आता आतून येईल त्या पहिल्या माणसाला विचारतो. काही कळलं असेल तर खोली तुमची." मॅडमचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं.

बाहेर आल्या देवगाव रंगारीच्या एक बाई, पोरीच्या ॲडमिशनला आलेल्या.

"काय पाहिलंत, ताई?" प्राचार्यांनी विचारलं.

"देवमासा. त्याला आधी चार पाय व्हते म्हणं, जमिनीवर चालायचा. पाणघोडा त्याच्या भावकीतला. ह्यो समुद्रात निघून गेला, त्यो नदीकाठीच ऱ्हायला. लई वर्सं झाली, आता एकमेकाचं तोंड बघत नायत."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. प्राचार्यांनी कुलूप खिशात घातलं. दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन बाईंना हळूच विचारलं,

"निघून गेला, तो जमिनीचं हक्कसोडपत्र देऊन, का तसाच?"