चौथा कोपरा

फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. भाची हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत असताना मामा डिचोलीत दुकान उघडून काय करत होता, असं कुणीही विचारेल. आयसीयूच्या दाराशी चार दिवस बसून मी सैरभैर झालो होतो. सुताराचे हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे धावतं. म्हणून त्या सकाळी म्हटलं, तासभर जाऊन येऊ. रेवतीच्या चौकटीचं एक भोक साफ करायचं राहिलं आहे, तेवढं करून ठेवू, नाहीतर बरी होऊन आली की तोंड फुगवून बसेल. पटाशी हातात होती आणि फोन वाजला. मेव्हण्यांचा, म्हणजे रेवतीच्या वडिलांचा होता. त्यांनी नुसतं तिचं नाव घेतलं. मी म्हटलं, "येतां," आणि पटाशी पुसून तिच्या जागी ठेवली, जशी रोज ठेवतो तशी. जग बुडाल्याचं कळल्यावरही हात आपली सवय सोडत नाहीत, याचा मला अजून राग येतो.

रेवती ही माझ्या धाकट्या बहिणीची, सुलूची, एकुलती एक मुलगी. घर चोपड्याला नदीच्या काठी, कॉलेज पणजीकडे आणि जीव सगळा माझ्या दुकानात. आर्किटेक्चरच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होती. तिला जाऊन सहा आठवडे झाले. या रविवार पुरवणीच्या संपादकांनी तिच्यावर लिहा म्हटलं तेव्हा मी पटकन हो म्हणालो, कारण मला एक गोष्ट कबूल करायची होती आणि तोंडाने कबूल करायची हिंमत होत नव्हती. आयुष्यभर मी फळ्यांवर पेन्सिलीने मापं लिहिली, लेख हा पहिलाच. वाकडातिकडा झाला तर समजून घ्या.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी सगळ्यांच्याच घरी बांधतात, पण आमची माटोळी जरा नाठाळ. इतरांची लाकडी चौकट चार बाजूंनी आढ्याला घट्ट बांधलेली असते. आमच्या आजोबांनी काय मनात आणलं देव जाणे, चारही कोपऱ्यांचे दोर वर नेऊन एकाच कडीला अडकवले. त्यामुळे आमची चौकट तराजूच्या पारड्यासारखी डुलते. नारळ, सुपारीच्या घडाचा कातरा, लिंबाच्या जातीचं तोरंजन, काकडीसारखं तवसं, रानातली लालबुंद कवंडळं, यातलं काहीही चुकीच्या जागी टांगलं की सगळा डोलारा एका अंगाला कलतो. म्हणून चार कोपऱ्यांना चार जड वस्तू आधी बांधायच्या, तोल साधायचा, मग मधलं हलकं सामान. रेवती आठ वर्षांची असल्यापासून वडिलांकडच्या गणपतीला जायच्या आधी आमच्याकडे यायची, स्टुलाशी उभी राहून मला केवणीच्या सालीचे दोर द्यायची आणि शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बजावायची, "आधी जड, मग हलकां! मामा, इसरू नको!" मी विसरत नव्हतो. पण तिने ओरडल्याशिवाय माझीही चवथ सुरू व्हायची नाही.

अशी मुलगी आर्किटेक्ट व्हायला निघाली तेव्हा मला वाटलं, आता ही आपल्याला मोडीत काढणार. पहिल्याच वर्षी कॉलेजात 'बसायची जागा' करायला सांगितली. हिने माझ्याकडून चार काठ्या नेल्या आणि केवणीच्या दोरांनी बांधून, एकही खिळा न मारता कदेल, म्हणजे खुर्ची केली. तिथल्या सरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, ही हस्तकला झाली, डिझाइन कुठे आहे? रेवती रडत रडत कदेल घेऊन थेट दुकानात आली. मी म्हटलं, सरांचं राहू दे, बसून बघतो. बसलो, आणि पुढच्या क्षणी पाय वर, पाठ खाली! गाठ सुटली होती. दोघं इतकं हसलो की हिच्या मामीने घरातून विचारलं, काय झालं म्हणून. मग तिने डोळे पुसले आणि गाठ का सुटली ते विचारायला लागली. ते शिकायला तिने तीन आठवडे घेतले. माझी बोटं सोलून निघाली, पण तिला गाठ आली.

दुसऱ्या वर्षी मात्र तिला शहरी वारं लागलं. केरीच्या समुद्राकाठी घर काढलं, सगळं काचेचं, मासिकात असतं तसं. कागद मेजावर पसरून ऐटीत उभी राहिली. मी विचारलं, "समुद्राच्या तोंडाक एवडी काच लावतस, मगे पावसाक काय चिठी धाडतलंस, फुडच्या दारान येव नको म्हणून?" आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी आली ती वही घेऊन. केरीच्या कोळ्यांच्या घरांची पावसाळ्यातली दारं-जनेलं काढून आणली होती. कुठलं कधी बंद असतं, झावळ्यांचे आडोसे कुठल्या अंगाला बांधतात, सगळं. माझ्या मते ती खरी आर्किटेक्ट झाली ती त्या वहीत. त्यानंतर तिने कागदावर आधी इमारत कधी काढली नाही. आधी माणूस काढायची... बसलेला, वाकलेला, टोपली उतरवणारा. मग त्याच्याभोवती हळूहळू भिंत यायची. कधी कधी यायचीच नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने निवडला तो आमच्या डिचोलीचा माटोळीचा बाजार. चवथीच्या तोंडावर रानाकडच्या गावांतून बायका फळं-पानं घेऊन येतात आणि भर पावसात रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरून बसतात. त्यांच्यासाठी रेवतीने मंडप काढला. भिंत नाही, ओटा नाही. प्रत्येक बाईच्या डोक्यावर आमच्या घरच्यासारखी एका कडीला टांगलेली चौकट आणि वर छप्पर. माल खाली चिखलात नाही, वर चौकटीला. जी बसली तिनेच आपल्या वजनांनी तोल साधायचा. कॉलेजातल्या मॅडमना हे पटेना. चौकट तिरकी झाली तर? रेवती म्हणाली, "होणार नाही. त्या बायकांना तोल कळतो." मॅडम म्हणाल्या, दाखव. आणि हिने मला गळ घातली. खऱ्या मापाची एक चौकट करून दे, ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांसमोर टांगते. मी चार महिने आज-उद्या केलं. लग्नाची कपाटं, कुणाच्या खाटा... भाची घरचीच, ती कुठे जाते!

यंदाच्या चवथीआधी ती दोन दिवस बाजारात मापं घेत होती. घोट्यापर्यंत चिखल, त्यात सडका पाला, गटाराचं पाणी. दुपारी जेवायला आली तर पायात काही नाही. मी ओरडलो. तर म्हणते, "बायो सगळ्यो अनवाणी बसल्यात. मियां सँडल घालून तेंच्या म्हऱ्यात बसू?" टाचेला पत्रा लागून चीर पडली होती. मी काय केलं? सुतार जे स्वतःच्या बोटाला करतो तेच. लाकडाचा भुसा झटकला, चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हटलं, चल, जेव. डॉक्टर शंभर पावलांवर होता.

चवथ झाली, गणपती गेले, आणि दहा-बारा दिवसांनी, ज्युरीच्या दोन दिवस आधी, ती दुकानात आली. चौकट मी अखेर करून ठेवली होती. अंग तापलेलं, डोळे लाल. त्या कॉलेजातली मुलं सबमिशनच्या आठवड्यात सगळी तशीच दिसतात. पाच वर्षं मी तिला तशीच पाहत आलो होतो. डोळे लाल नसते तर मला काळजी वाटली असती, इतकी सवय झाली होती. मी उलट चेष्टा केली, "रातभर जागून चित्रां काढल्यार डोळे लाल जातले नाय तर काय हिरवे?" ती हसली. मग पोटऱ्या दाबत खाली बसताना म्हणाली, "मामा, पिंडरे खूब दुखतत. कॉलेजातलो जिनो चढूक जमना." आणि मी, तिचा शहाणा मामा, म्हणालो, "उकिडवी बसून दोर वळतस, पिंडरे दुखतले नाय तर काय!" मामीने पेज दिली, मी तापाची गोळी दिली. ज्युरी होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ, असंही मीच म्हणालो. लाल डोळे, ताप, पिंडऱ्यांत कळा... डॉक्टरांनी नंतर एकेक करून विचारलं तेव्हा मी सगळ्याला मान हलवली. लेप्टो, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप. चिखलातून, टाचेच्या चिरेतून. वेळेत कळलं तर साध्या औषधांनी बरा होणारा आजार आहे म्हणे.

त्या दिवशी तिने चौकट दुकानातल्या कडीला टांगली आणि तीन कोपऱ्यांना तीन नारळ बांधले. अंगात ताप, तरी गाठी पक्क्या. पातळी बघायला पाणसळ लावली नाही, डोळ्यांनीच अंदाज घेतला. चौथ्या कोपऱ्याला मी नारळ धरून उभा राहिलो तर तिने तो काढून घेतला. म्हणाली, "ह्यो थंय ज्युरीत बांधतलंय. सगळ्यांच्या मुखार. वाकडी चौकट सरळ जाता, तां तेंका दिसाक जाय." नारळ तिने माझ्या मेजावर ठेवला आणि चोपड्याला गेली. ज्युरीच्या सकाळी आठला टेंपो दाराशी उभा होता. मी चौकट उतरवायच्या बेतात होतो, फक्त तिची वाट बघत होतो. तिचा फोन लागेना. साडेनऊला मेव्हण्यांचा आला, लघवी बंद झाली आहे, डोळे पिवळे पडलेत, हॉस्पिटलात घेऊन चाललोय. टेंपोवाल्याला मी म्हटलं, थांब जरा, येईल ती. का म्हटलं कोण जाणे. तो बिचारा दुपारपर्यंत थांबला.

हे सगळं छापून यायच्या आधी सुलूला कळायला हवं होतं. ती दर रविवारी ही पुरवणी पहिल्या पानापासून वाचते. तिला वाटत होतं, लेकीला एकाएकी काहीतरी झालं, कुणाच्या हातात नव्हतं. तिचा तो एवढाच आधार, आणि तो काढून घ्यायला मी निघालो होतो. तीनदा चोपड्याला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. चौथ्यांदा मागल्या दारी ती सुकी मासळी निवडत बसली होती, तिथे जमिनीवर बसून सगळं सांगितलं. टाच, चिकटपट्टी, डोळे, पिंडऱ्या. म्हटलं, सुलू, तिने मला सांगितलं होतं गे, मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं ती किंचाळेल, मारेल, निदान घरात निघून जाईल. मला तेच हवं होतं. ती निवडता निवडता थांबली. हात पदराला पुसून म्हणाली, "दादा, माका पण सांगलेला तिणे. त्याच सांजेक. मियां पिंडऱ्यांक तेल चोळून दिलां आणि म्हटलां, न्हीद, फाल्यां सकाळी बरां जाता." तिनेही हे सहा आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. दुःख वाटलं की निम्मं होतं म्हणतात. खोटं आहे. आमचं दुप्पट झालं. दोघांना कळलं होतं, म्हणजे पोर दोनदा वाचली असती.

हे छापू की नको, असं मी विचारलं. सुलू म्हणाली, छाप. कुणाच्या तरी पोरीचे पिंडरे दुखत असतील.

कॉलेजच्या मॅडम येऊन गेल्या. तिची रेखाटनं ते प्रदर्शनात लावणार आहेत. चौकटही मागितली. मी दिली नाही. ती अजून दुकानातल्या कडीला टांगलेली आहे. तीन कोपऱ्यांचे नारळ आता सुकलेत, आतलं पाणी वाजेनासं झालंय. चौथा कोपरा रिकामा म्हणून वर उचललेला. गिऱ्हाइकं वाकून खालून जातात. संध्याकाळी दुकान बंद करताना मी तो कोपरा हाताने खाली ओढून धरतो. चौकट सरळ होते. अगदी सरळ, पाणसळ लावून बघितली आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं, मॅडमना सांगायला हवं... हिची मामी म्हणते, "अहो, रोज रोज हातान कित्याक धरतात? मेजार नारळ आसा, बांधा आणि मोकळे जावा." नारळ तिथेच आहे, तिने ठेवला तिथे. मी तेवढा वेळ कोपरा धरून उभा राहतो. मग हात भरून येतो, आणि सोडावा लागतो.