अलार्मच्या जागी

ऑफिसात तिला सगळे फौजदारीण म्हणत, आणि त्यात काही चूक नव्हती. बावीस वर्षं तिचं एकच काम: डायलिसिसच्या मशीनसाठी लिहिलेल्या कोडचे तुकडे लिंकर नावाच्या प्रोग्रामकडून जोडून शेअर्ड लायब्ररी, म्हणजे मशीन वापरेल तो एकत्र संच, तयार करायची. कोडने बोलावलेलं एखादं फंक्शन कुठेच सापडलं नाही, तर लिंकरने तिथेच अडून बसावं, असा कडक पर्याय तिने पहिल्याच वर्षी बिल्डच्या, म्हणजे या जोडणीच्या, फाइलीत घातला होता. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, हे माझ्याकडे चालणार नाही," म्हणायची.

मंगळवारी रजेवरून आली आणि बघते तर तो पर्याय गायब. तिचं डोकंच फिरलं. तिने तो परत घातला, बिल्ड चालवली. लगेच एरर: अलार्म वाजवणारं फंक्शन सापडत नाही.

काय काय जोडायचं त्याची यादी लिंकर क्रमाने वाचतो. जिची गरज अजून कोणाला पडलेली नाही, अशी स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा गठ्ठा, तो सरळ ओलांडून जातो. कोणा शहाण्याने अलार्मची लायब्ररी यादीत सगळ्यांच्या आधी टाकली होती. तिने ती शेवटी नेली. काम पाच मिनिटांचं होतं, म्हणूनच ती जास्त भडकली.

"पर्याय कोणी काढला?"

"मीच," साहेब म्हणाले. "एरर येत होता, तुम्ही रजेवर. काढल्यावर झाली की लायब्ररी."

"झाली! आत अलार्मचं फंक्शनच नाही. अलार्म वाजवायची वेळ आली की प्रोग्राम मान टाकेल. अक्कल गहाण ठेवली होती का?"

"बाई, आवाज खाली. टेस्टिंगमध्ये सगळं चाललं."

"टेस्टिंगमध्ये कोणाचं बीपी पडलं होतं?"

ती साहेबांच्या टेबलापाशी आली.

"बाहेर गेली का ती लायब्ररी?"

"काल संध्याकाळी. एकाच हॉस्पिटलात, चाचणीपुरती. नदीपलीकडच्या."

तिचा थोरला भाऊ दर मंगळवारी तिथेच मशीनवर असायचा. तिने त्याला फोन लावला.

"दादा, मशीन सुरू झालं?"

"तासभर झाला की. तुझंच मशीन, बिनघोर डोळा लागला होता बघ."

"झोपू नकोस. नर्सला बोलाव. बीपी हाताने मोजत राहा म्हणावं, मशीनवर विसंबू नका. मी निघाले."

फोन ठेवून ती साहेबांकडे वळली. "गाडी काढा. अजून तीन तास आहेत त्याचे. त्याच्या उशाशी उभं राहायचं, तोंडाकडे बघत, अलार्मच्या जागी."